जालन्याची तहान

'जालना, सोने का पालना' ही म्हण जालन्यात वाढलेल्या प्रत्येकाने ऐकलेली असते. सराफा, आडत, जिनिंग, पुढे बियाणे आणि लोखंड अशा एकामागून एक धंद्यांनी ती खरी करून दाखवली. त्याच्या कितीतरी आधी, नोव्हेंबर १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेने जालन्याच्या पेठा लुटल्या, त्या लुटण्याजोग्या होत्या म्हणूनच. अकबराच्या दरबारातला अबुल फजल इथे राहिला होता, औरंगजेबाचाही इथे मुक्काम होता, असे जुनी गॅझेटियरे सांगतात. मात्र ही म्हण छाती फुगवून सांगणारा जालनेकर उन्हाळ्यात पाण्याचा विषय निघाला की गप्प होतो.

२०१३ च्या एप्रिलमध्ये मी जुन्या जालन्यात एका नातेवाइकांकडे चार दिवस राहिलो होतो. घराच्या ओसरीत सात पिंपे ओळीने मांडलेली होती आणि प्रत्येक पिंपाचा उपयोग ठरलेला होता. अंघोळीचे पाणी न्हाणीतून परातीत, परातीतून बादलीत आणि बादलीतून संडासात जाई. मावशी म्हणाल्या, "बाहत्तरला खायला नव्हतं, पण आडाला पाणी होतं. आता दुकानं भरलेली आहेत अन् आड कोरडा." हे वाक्य त्या वर्षी मराठवाड्यात गावोगाव, थोड्याफार फरकाने, ऐकू येत होते. हा लेख खरे तर त्या वाक्याचा शोध आहे. चाळीस वर्षांत दुष्काळाचे रूप बदलले ते पावसामुळे की आणखी कशामुळे?

मानवी भूगोल ही विद्याशाखा आपल्याकडे फारशी रुळलेली नाही. भूगोल म्हटले की शाळेतला नकाशा आणि 'कारणे द्या' एवढेच बहुतेकांना आठवते. पण गेल्या पाऊणशे वर्षांत या शाखेतल्या अभ्यासकांनी आपत्तीकडे पाहण्याची रीत बदलली. १९४५ साली गिल्बर्ट व्हाइट या अमेरिकी भूगोलतज्ज्ञाचा पुरांवरचा प्रबंध शिकागो विद्यापीठातून प्रसिद्ध झाला. पूर निसर्ग आणतो, पण पुराचे नुकसान बहुतांशी माणसाने आधीच मांडून ठेवलेले असते, असे त्याच्या म्हणण्याचे सार. पुढे १९९४ मध्ये पीअर्स ब्लेकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'अ‍ॅट रिस्क' या पुस्तकात हाच विचार गरीब देशांना लावून पाहिला. जमीन, पाणी, मजुरी, सावकारी आणि सरकार यांच्या गुंत्यातून काही माणसे आधीच कड्याच्या टोकाशी ढकललेली असतात, आणि मग एखादा कोरडा पावसाळा त्यांना पुरतो. ही दृष्टी घेऊन जालन्याच्या पाण्याचा इतिहास वाचला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. शहराने आपली जोखीम कधी संपवली नाही. ती दर वेळी थोडी आणखी लांब नेऊन ठेवली.

पहिला टप्पा मोती तलावाचा. मलिक अंबरने खडकीत, म्हणजे पुढच्या औरंगाबादेत आणि आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नहर आणली, तोच हा काळ. त्याच्या वतीने जालन्याचा कारभार पाहणाऱ्या जमशेदखानाने शहराच्या पश्चिमेला तलाव बांधला आणि जमिनीखालून नळ टाकून हौदांपर्यंत पाणी खेळवले. जामा मशीद आणि सराईही त्याचीच. त्या भूमिगत नळांचे काम केव्हाच थांबले, तलाव मात्र आजही आहे. या व्यवस्थेत मला महत्त्वाचे वाटते ते एवढेच, की पाणी शहराच्या नजरेच्या टप्प्यात होते. तलाव आटू लागला तर ते सुभेदाराला दिसे, सावकाराला दिसे आणि भिश्त्यालाही दिसे. अंबडच्या पुष्करणी बारवेसारख्या, अहिल्याबाईंच्या नावाने सांगितल्या जाणाऱ्या बांधकामांतही हेच होते. पायऱ्या किती उघड्या पडल्या यावरून गावाला आपली परिस्थिती कळायची.

याचा अर्थ तो सुखाचा काळ होता असे मुळीच नाही. १८०३ सालाकडे पाहा. २ सप्टेंबरला कर्नल स्टीव्हन्सनने जालन्याचा किल्ला घेतला आणि २३ सप्टेंबरला, आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई गावापाशी, केळणा आणि जुई या नद्यांच्या मधल्या पट्ट्यात, वेलस्ली आणि शिंदे-भोसले यांची लढाई झाली. इंग्रजी इतिहासात ही लढाई फार गाजते. वेलस्लीला नदीचा उतार कसा सापडला याच्या कथा आपल्याकडेही चवीने सांगितल्या जातात. त्याच्या पाठोपाठ आलेल्या १८०३-०४ च्या दुष्काळाबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही. पाऊस कमी झाला होता हे खरे. पण त्याआधी दोन-तीन वर्षे दख्खनमधून फौजा फिरत होत्या. हजारो घोडे, बैल, बाजारबुणगे आणि पेंढारी. त्यांनी कडबा खाल्ला, उभी पिके खाल्ली, पेवे उकरली, सरपणासाठी झाडे तोडली. ज्या गावाचे पेव रिकामे आणि बैल पळवलेले, त्या गावाला अर्धा पाऊसही उपयोगाचा नसतो. असईच्या रणात पडलेल्यांची नोंद आहे. त्या शिवारात नंतर भुकेने मेलेल्यांची नोंद ठेवण्याची कुणाला गरज वाटली नाही.

लढाईनंतर जालन्याला छावणी आली आणि १९०३ पर्यंत राहिली. छावणी म्हणजे घोड्यांना गवत, भट्ट्यांना लाकूड, अधिकाऱ्यांच्या बंगल्यांना बागा. कोणत्याही छावणीभोवतीचा प्रदेश आधी कुरण होतो आणि मग उघडा माळ होतो. जालना त्याला अपवाद असण्याचे कारण नाही. छावणीचे शेवटचे दिवस चालू असताना दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी आल्या: हैदराबाद-गोदावरी खोऱ्याची रेल्वे आणि १८९९-१९०० चा दुष्काळ. १८९१ आणि १९०१ या दोन खानेसुमाऱ्यांच्या दरम्यान तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे लाखभराने घटली. जालना त्याच जिल्ह्यात होता. रेल्वेने धान्य आणले तसे कापूस नेण्याची सोयही केली. जिनिंग आणि प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले, आडत वाढली, शहर नव्याने फुगले. ज्वारीच्या रानात कापूस वाढला की धान्याइतकाच कडबाही घटतो, हे शेतकऱ्याला माहीत असते. शहराच्या हिशेबात ते कधी येत नाही.

मोती तलाव या नव्या शहराला पुरेना. म्हणून निजामाच्या राजवटीत शहराच्या उत्तरेला घाणेवाडीचा तलाव झाला. कुंडलिकेच्या वरच्या अंगाला पाणी अडवायचे आणि उताराने, पंपाशिवाय, नव्या जालन्यापर्यंत आणायचे, अशी ती योजना. इतकी साधी आणि टिकाऊ योजना नंतर कुणाला सुचली नाही, हे नमूद करायला हवे. वीज गेली तरी घाणेवाडीचे पाणी येते. पण तिच्यामुळे शहर आणि पाणी यांच्यात प्रथमच काही मैलांचे अंतर पडले, आणि तलावाच्या वरच्या पाणलोटात कोण नांगरतो, कोण झाडे तोडतो, गाळ किती येतो, याच्याशी शहराचा संबंध सुटला. पुढची कित्येक दशके गाळ साचत राहिला. शहरातले नागरिक आणि व्यापारी वर्गणी काढून तो उपसायला लागले ते या शतकात, तहान घरात आल्यावर.

गाळ आला कुठून, हे पाहायचे तर झाडांची गोष्ट सांगावी लागते. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून, आणि परतूर परभणीकडून घेऊन, जालना जिल्हा निर्माण झाला. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांत या जिल्ह्याचे वनाच्छादन एक टक्क्याच्या आतबाहेर दिसते. राष्ट्रीय वननीतीतील ३३ टक्क्यांशी त्याची तुलना करणे ही थट्टाच होईल. भोकरदन-जाफराबादकडे अजिंठ्याच्या डोंगररांगेचे जे टोक येते तिथे थोडे रान आहे. बाकी पळस, हिवर, तरवड, सीताफळ, बांधावरचा निंब आणि ओढ्याकाठची बाभूळ. तरीही 'इथे जंगल नाही' हे विधान अर्धेच खरे आहे. जंगल नसले तरी जंगलाची कामे होतीच: सरपण, चारा, औताला लाकूड, पत्रावळीला पाने, शेळ्यांना पाला, दुष्काळात कंदमुळे. ही सगळी कामे गायरान करत असे. जालन्यातल्या भूमिहीनाचे जंगल म्हणजे गायरान. 'वन आणि उपजीविका' हा विषय इथे अभ्यासायचा तर वनखात्याच्या नकाशापेक्षा गावच्या सातबाऱ्यातले गायरानाचे गट पाहावे लागतात.

आणि तिथेच खरा तिढा आहे. गायरान गावाचे असते असे म्हणतात, पण गावात कोण मोजले जाते हा प्रश्न उरतोच. मराठवाड्यात दलित आणि भटक्या कुटुंबांनी गायरानावर हात-दोन हात जमीन फोडून बाजरी, हुलगे पेरायला सुरुवात केली, त्याला दोन पिढ्या होऊन गेल्या. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले; १९६४-६५ च्या सत्याग्रहात देशभर तुरुंग भरले. १९७८ मध्ये, म्हणजे नामांतराच्या दंगलींनी मराठवाड्यातल्या दलित वस्त्या होरपळल्या त्याच वर्षी, राज्य सरकारने अशी अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण घेतले. १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अनुसूचित जाती-जमातींची अतिक्रमणे नियमित करण्याची तरतूद केली. कागदावर. प्रत्यक्षात पुरावा म्हणून जुनी दंडाची पावती लागते. अतिक्रमण केल्याचा दंड भरलेली पावती हाच हक्काचा आधार, असा हा उलटा न्याय. ज्यांनी दंड भरला नाही किंवा ज्यांची पावती पावसाळ्यात गळक्या झोपडीत भिजली, ते आजही अतिक्रमकच आहेत. जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग खटल्यात गावाच्या सार्वजनिक जमिनी वाचवण्याचा आदेश दिला. तो निकाल तळी आणि कुरणे गिळणाऱ्या धनदांडग्यांविरुद्ध होता आणि त्यात भूमिहीनांसाठी अपवादही ठेवला होता. खाली येईपर्यंत बहुतेकांच्या वाट्याला नोटिशीच आल्या.

त्यातच वृक्षलागवडीच्या मोहिमा आल्या. २०१६ मध्ये दोन कोटी, २०१७ मध्ये चार कोटी, २०१८ मध्ये तेरा कोटी आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी रोपे, अशी राज्याची उद्दिष्टे होती. ज्या जिल्ह्यात वनजमीनच नाही तिथे रोपवनासाठी जागा शोधायची तर ती गायरानातच सापडते. खड्डे घेतले जातात, तार ओढली जाते, शेळ्या आणि बाजरी दोन्ही बाहेर. मी झाडांच्या विरोधात नाही. पण ज्या माणसाने जंगल तोडले नाही, त्याच्याच पोटापुढे कुंपण घालून जंगल परत आणायचे, याला पर्यावरण म्हणणे मला जड जाते.

आता बाहत्तरकडे येऊ. १९७२ चा दुष्काळ हा सलग दोन-तीन वाईट पावसाळ्यांचा शेवटचा घाव होता. धान्य नव्हते. अमेरिकेतून आलेली लाल मिलो आणि सुकडी खाऊन लोक जगले, खडी फोडून मजुरी मिळवली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना त्या काळात उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. अन्नाची जोखीम सरकारने अंगावर घेतली, हे मान्य केले पाहिजे. महाराष्ट्राच्या इतिहासातली ती मोठी गोष्ट आहे. पण त्याच दुष्काळाने बोअरची यंत्रे गावात आणली. विहिरींना विजेचे पंप लागले आणि कोरडवाहू शेतकऱ्याला बागायतीचे दार उघडले. जालना-अंबड-बदनापूर पट्ट्यात मोसंबी पसरली ती पुढच्या वर्षांत. जालन्याच्या मोसंबीला पुढे भौगोलिक मानांकनही मिळाले. ज्या जिल्ह्यात जंगल नव्हते तिथे हिरवीगार झाडे उभी राहिली. मात्र पळसाला कोणी पाणी द्यावे लागत नाही आणि मोसंबीला उन्हाळाभर द्यावे लागते. वर्षाला सरासरी ६५०-७०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या आणि पोटात काळा बेसाल्ट असलेल्या जमिनीवर, पाताळातल्या पाण्याच्या भरवशावर, पंधरा-वीस वर्षे जगणारे झाड लावणे ही केवढी मोठी पैज होती! २०१२-१३ मध्ये ती हरली. बागा वाळल्या. बापाने लावलेली झाडे मुलाने कुऱ्हाडीने तोडली आणि ती सरपणाच्या भावाने गेली. मावशींच्या वाक्यातला कोरडा आड हा असा कोरडा झाला होता. पाऊस कमी होताच, पण आडाखालचे पाणी त्याआधीच दोनशे-तीनशे फूट खाली गेलेले होते.

शहराने या काळात काय केले? मधल्या काळात गोदावरीवरच्या शहागडहून पाणी आणले. तेही अपुरे पडले, तेव्हा थेट पैठणच्या नाथसागराकडे, सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर लांब, हात पसरला. जायकवाडीची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १९६५ मध्ये झाली आणि धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले, ते मराठवाड्याच्या शेतीसाठी. डावा कालवा अंबड, घनसावंगी, परतूरमधून जातो. त्या कालव्याने ऊस आला, साखर कारखाने आले. आणि जिल्ह्याच्या ज्या भागांत कालवा पोचला नाही तिथली कुटुंबे दिवाळीनंतर कोयते घेऊन दुसऱ्यांचा ऊस तोडायला घराबाहेर पडतात. एकाच जिल्ह्यात ऊस लावणारा आणि ऊस तोडायला जाणारा, दोघांच्या मध्ये एका कालव्याचे अंतर.

जालन्याची जलवाहिनी दुष्काळाच्या ऐन झळीत पुरी झाली तेव्हा नाथसागरातच पाणी नव्हते. उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यावर शहरे जगत होती. मग तहान आणखी वर सरकली: नाशिक आणि अहमदनगरच्या धरणांकडे. समन्यायी पाणीवाटपाचे कलम २००५ च्या कायद्यात होतेच. मेंढेगिरी समिती बसली, जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने २०१४ मध्ये आदेश दिला, उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये निकाल दिला. मोती तलाव आटला की सुभेदाराला दिसत असे. आता जालन्याच्या नळाचे भवितव्य मुंबईतल्या न्यायालयात, पानशेपानी निकालपत्रात ठरू लागले. लातूरला तर एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. ती गाडी देशभर दूरचित्रवाणीवर दिसली. लातूरभोवतीच्या खेड्यांत त्या आठवड्यात टँकर किती आले, याची बातमी मात्र झाली नाही. शहराच्या तहानेला प्रेक्षक मिळतात, खेड्याच्या तहानेला फक्त टंचाई आराखड्यात रकाना मिळतो.

याच जिल्ह्यात उलट दिशेने जाणारा एक प्रयत्न आहे, आणि त्याचा उल्लेख टाळणे अन्यायाचे होईल. जालना तालुक्यातले कडवंची. मराठवाडा शेती साह्य मंडळ आणि खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र यांनी, विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली, इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात १९९६ पासून तिथे काम केले. माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती, चर, नालाबांध. लांबचे पाणी न आणता पडलेले पाणी थांबवायचे, एवढाच त्यामागचा विचार. पुढे द्राक्षबागा आणि शेततळी आली. २०१२-१३ मध्ये शेजारची गावे बागा तोडत असताना कडवंचीची द्राक्षे टिकली. पाहुण्यांची रीघ लागली.

पण पाहुणे शेततळे पाहून गेले आणि माथ्यावरचे काम विसरले. २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' योजना आली. नावातच गंमत आहे: मागेल त्याला, म्हणजे ज्याच्याकडे खोदायला जमीन आहे त्याला. प्लास्टिकचे अस्तर घातलेले तळे पावसाच्या वाहत्या पाण्याने भरले तर ठीक. अनेक ठिकाणी ते विहिरीतून आणि बोअरमधून उपसून भरले जाऊ लागले. म्हणजे सगळ्यांच्या पोटातले पाणी वर काढून एकाच्या तळ्यात, उन्हात, वाफ होण्यासाठी ठेवायचे. ईश्वर काळे यांनी २०१७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त महाराष्ट्रातल्या शेततळ्यांच्या या वापरावर नेमके बोट ठेवले. भूजल खासगी होते आणि शेजारच्या उथळ विहिरीचा धनी आपोआप टँकरच्या रांगेत जातो. शहराने मोती तलावापासून नाथसागरापर्यंत जे केले, तेच मोठा शेतकरी आता गावातल्या गावात करू शकतो. त्याला पंचाहत्तर किलोमीटरची जलवाहिनी लागत नाही, दीडशे फुटांचा पाइप पुरतो. मोसंबी वाचते आणि शेजाऱ्याचा आड जातो. कडवंचीकडून जे शिकायचे होते ते माथ्यावर होते, आणि माथा म्हणजे बहुतेक गावांत गायरान. तिथल्या बाजरीवाल्याला आणि शेळीवाल्याला सोबत घेतल्याशिवाय पाणलोटाचे काम टिकत नाही, हे जुने कार्यकर्ते सांगतात. योजनांच्या फलकावर त्याचे नाव कुठेच नसते.

गेल्या उन्हाळ्यात अंबडकडून जालन्याला येताना रस्त्याच्या कडेला बायकांची गर्दी दिसली म्हणून गाडी थांबवली. जलवाहिनीच्या व्हॉल्व्हमधून करंगळीएवढी धार उडत होती आणि तिच्याखाली ओळीने कळशा लावलेल्या होत्या. दोन शेळ्या खाली साचलेल्या चिखलातले पाणी पीत होत्या. गावात नळयोजना आहे का, असे मी विचारले. "हाय की," एक जण म्हणाली, "टाकीबी हाय. हे जालन्याचं पानी हाय, हे रोज जातं." कुणी हटकत नाही का? तिने पदर खोचला, भरलेली कळशी बाजूला घेतली आणि दुसरी धारेखाली सरकवली. "दुरुस्तीवाले येत्यात कधीमधी," ती म्हणाली, "मग आम्ही पुढच्या व्हालावर जातो."